उंबरठ्यावरचें अभिवादन

स्वारगेट हें पुण्याचें दक्षिणेकडील दार. पेशवाईंत शहराच्या या टोंकाला घोडेस्वारांची चौकी असे आणि त्या स्वारांवरून या जागेस हें नांव पडलें, अशी जुन्या पुणेकरांची समजूत आहे. स्वार गेले, नांव राहिलें. १ जून १९४८ रोजीं एस. टी.ची पहिली गाडी अहमदनगराहून पुण्यास निघाली. पुढें सातारा, कोल्हापूर, सोलापूर, कोंकण या बाजूंच्या उतारूंचें स्वारगेट हें मोठें नाकें झालें. आणि २०२४ च्या सप्टेंबरापासून जमिनीखालून धांवणारी मेट्रोहि येथें येऊन थांबते. येणाऱ्याचें स्वागत आणि जाणाऱ्याचा निरोप हेंच ज्या जागेचें नित्याचें काम, तेथें अभिवादनाविषयीं विचार मनांत यावा यांत नवल नाहीं. माझ्या मनांत तो आला त्यास मात्र एक विशेष निमित्त घडलें.

माझा एक जुना विद्यार्थी पदवी घेतल्यावर जपानी भाषा शिकूं लागला. पुण्याचा आणि जपानचा परिचय आजकालचा नव्हे. १९१५ सालीं अण्णासाहेब कर्वे यांच्या हातीं तोक्यो येथील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका पडली आणि पुढच्याच वर्षीं त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापन केलें, हें सर्वश्रुत आहे. त्या काळीं जपानाहून कल्पना येत. आतां आमचे तरुण तेथें कामास जातात. स्वारगेटाजवळच मुकुंदनगरांत टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे. तेथें, फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटमध्यें आणि शहरांतील अनेक खासगी वर्गांत आज जपानी शिकवितात. २०१९ च्या एप्रिलांत जपान सरकारनें परदेशी कुशल कामगारांसाठीं एक नवा परवाना सुरू केला. ज्या धंद्यांसाठीं तो मिळतो त्यांत निवासगृहें आणि उपाहारगृहें यांचाहि समावेश आहे. २०२१ च्या जानेवारींत भारत व जपान या दोन सरकारांमध्यें त्यासंबंधीं सहकार्याचा करारहि झाला. या विद्यार्थ्यास अशाच एका निवासगृहांत जागा मिळाली होती. निघण्यापूर्वीं त्यानें मला घरीं बोलाविलें आणि आपण काय शिकलों तें मोठ्या हौसेनें करून दाखविलें. पाठ सरळ, हात मांड्यांवर, कमरेंतून वांकून तो म्हणाला, “इराश्शाइमासे.”

त्याचे वडील खुर्चींत बसून पाहत होते. एस. टी.मध्यें वाहक म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले आहेत. मुलगा आंत गेल्यावर ते मला म्हणाले, “सर, माझ्या आजोबांना गांवांत जोहार घालावा लागे. तें वांकणें आमच्या पाठींतून काढायला तीन पिढ्या गेल्या. आतां हा पैसे भरून पुन्हा वांकायला शिकला आहे. तुम्ही इतिहास शिकवतां. सांगा, यांत फरक काय?”

त्या वेळीं मला उत्तर सुचलें नाहीं. कांहीं तरी बोलून वेळ मारून नेणें अशक्य नव्हतें, परंतु त्या गृहस्थांच्या प्रश्नाचा तो अपमान झाला असता. पुढें कांहीं दिवस मीं त्या प्रश्नाचा जो विचार केला तोच येथें मांडीत आहें.

प्रथम त्या शिक्षणाचें स्वरूप पाहूं. ‘इराश्शाइमासे’ म्हणजे ‘यावें’. दुकानाच्या किंवा निवासगृहाच्या दारांत गिऱ्हाइकानें पाऊल ठेवतांच हा शब्द कानीं पडतो. गिऱ्हाइकानें कांहीं मागितलें कीं ‘काशिकोमारिमाशिता’, म्हणजे ‘आज्ञा आदरपूर्वक ऐकली’. थांबावें लागणार असेल तर ‘शोशो ओमाची कुदासाइ’, ‘किंचित् थांबावें’. आणि तें थांबणें क्षणाचेंच असलें तरी परत येऊन ‘ओमातासे इताशिमाशिता’, ‘आपणांस तिष्ठत ठेवलें’. चूक झाली तर ‘मोशिवाके गोझाइमासेन’, म्हणजे ‘माझ्यापाशीं कांहीं सबब नाहीं’. शेवटीं ‘अरिगातो गोझाइमासु’, हे आभार. शब्दांबरोबर वांकण्याचेंहि मोजमाप आहे. वाटेंत ओलांडून जातांना १५ अंशांचें, स्वागताच्या वेळीं ३० अंशांचें, आणि क्षमा मागतांना किंवा निरोप देतांना ४५ अंशांचें. चांगल्या निवासगृहांत पाहुण्याची गाडी वळणाआड होईपर्यंत चाकरमंडळी दारांत उभी असते.

या वाक्यांच्या मुळाशीं एक सबंध व्याकरण आहे. जपानी भाषेंत आदर दाखविण्याच्या मुख्य तऱ्हा तीन: समोरच्यास उंच करणें, स्वतःस खालीं नेणें, आणि केवळ सभ्यपणें बोलणें. ‘येणें’ हें साधें क्रियापद ‘कुरु’. परंतु पाहुणा येतो तेव्हां ‘इराश्शारु’, आणि मी येतों तेव्हां ‘माइरु’. पाहुणा बोलतो तें ‘ओश्शारु’, मी बोलतों तें ‘मोसु’. एकच क्रिया, परंतु ती करणारा कोण यावरून शब्दच बदलतो. व्याकरण येणें आणि आपलें स्थान ओळखणें या गोष्टी येथें निराळ्या राहत नाहींत.

मराठी माणसानें यास हंसूं नये; त्याच्या घरांतहि हेंच सामान होतें. पेशवेकालीन पत्रें ज्यांनीं चाळलीं असतील त्यांस आठवेल कीं, पत्रांतील मजकुराच्या आधीं मायना असे, आणि मायना चुकला तर मजकूर वाचण्यापूर्वींच रुसवा येई. वडिलांस ‘तीर्थरूप’, धाकट्यास ‘चिरंजीव’, संभावित गृहस्थास ‘राजश्री’ आणि ‘गोसावी’. वरच्यास ‘विज्ञापना’, बरोबरीच्यास ‘विनंति’, खालच्यास ‘आज्ञा’. कोणास काय लिहावें याचे नमुने मेस्तकांत घालून दिलेले असत आणि होतकरू कारकुनास ते पाठ करावे लागत. बोलण्यांतहि तसेंच. पाहुण्यानें येऊन ‘पायधूळ झाडावी’, आणि पांच पक्वान्नांच्या ताटावर बसवून यजमानानें त्यास ‘मीठभाकरी’ म्हणावें. समोरच्यास उंच करणें व स्वतःस खालीं नेणें या दोन्ही कला आम्हांस पूर्ण अवगत होत्या.

प्रश्न येवढाच कीं, उंच कोणास करावयाचें आणि खालीं कोणीं जावयाचें हें ठरवीत होतें कोण? जुन्या मराठी समाजांत तें जन्म ठरवीत होता, आणि त्याचा एक विलक्षण पुरावा इतिहासांत नमूद आहे. मुंबईंतील दैवज्ञ सोनार आपणांस ब्राह्मण म्हणवीत, ब्राह्मणांप्रमाणें धोतर नेसत आणि अभिवादन करतांना ‘नमस्कार’ म्हणत. हा शब्द आपल्या मालकीचा आहे असें मानणाऱ्यांस तें सोसलें नाहीं. पुणें दरबाराच्या आग्रहावरून मुंबईच्या इंग्रज सरकारनें १७७९ च्या ऑगस्टांत सोनारांस ताकीद दिली कीं, त्यांनीं अभिवादनांत नमस्कार हा शब्द योजूं नये. डॉ. आंबेडकरांनीं आपल्या लेखनांत या प्रकरणाची दखल घेतली आहे. त्याच सालच्या जानेवारींत वडगांवास मराठे आणि इंग्रज एकमेकांशीं झुंजले होते, आणि त्यांचें युद्ध पुढें १७८२ पर्यंत चाललें. राज्य कोणाचें याविषयीं ज्यांचें रणांगणावर भांडण चालू होतें, त्यांचें नमस्कार कोणीं करावा याविषयीं मात्र एकमत झालें! एका शब्दास किती मोल होतें हें यावरून दिसतें.

नमस्कार ज्यांना नाकारला त्यांची ही कथा. जोहार ज्यांच्यावर लादला त्यांची याहून कठीण. जोहार या शब्दांत स्वतःचा असा कांहींच दोष नाहीं. चोखोबांच्या वाणींत तो आहे, आणि झारखंडांतील आदिवासी आजहि एकमेकांस अभिमानानें जोहार म्हणतात. परंतु महाराष्ट्राच्या गांवगाड्यांत महारानें पाटलास, कुळकर्ण्यास, वाटेंत भेटेल त्या वरच्या जातीच्या माणसास जोहार घालावयाचा, आणि तिकडून तोच शब्द परत यावयाचा नाहीं, अशी रीत होती. तो सकाळीं घालावा लागे, संध्याकाळीं घालावा लागे, म्हाताऱ्यानें पोरास घालावा लागे. काम संपलें म्हणून तो संपत नसे, कारण तो कामाचा नव्हताच. तो जन्माचा होता. म्हणून डॉ. आंबेडकरांच्या चळवळींत जोहार टाकून देणें ही नुसती शब्दांची अदलाबदल राहिली नाहीं. त्याच्या जागीं ‘जय भीम’ आलें. तें रूढ करण्याचें श्रेय कामठीचे बाबू हरदास (१९०४–१९३९) यांस देतात.

अभिवादनाच्या पुढची पायरी म्हणजे उंबरठा. कोणास आंत घ्यावें आणि त्याच्यापुढें काय ठेवावें, या प्रश्नाचा महाराष्ट्रापुरता इतिहास लिहूं म्हटलें तर त्यासाठीं स्वारगेटापासून फार लांब जावें लागणार नाहीं. येथून उत्तरेस चालत गेलें कीं गंज पेठ लागते. तेथें १८६८ सालीं जोतीराव फुल्यांनीं आपल्या घराचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला. पुण्यांत आजवर पुष्कळ पंक्ती उठल्या असतील, परंतु त्या ओंजळभर पाण्याइतकें मोठें आतिथ्य त्यांतील किती पंक्तींनीं केलें असेल? त्याच बाजूस पंचहौद मिशन आहे. १८९० च्या ऑक्टोबरांत तेथें व्याख्यानाच्या निमित्तानें शहरांतील प्रतिष्ठित मंडळी जमली असतां यजमानांनीं चहा पुढें केला. त्या मंडळींत न्यायमूर्ति रानडे होते, लोकमान्य टिळकहि होते. गोपाळराव जोशी यांनीं ही गोष्ट चव्हाट्यावर आणली, शंकराचार्यांपुढें चौकशी झाली, आणि पेलाभर चहावरून प्रायश्चित्ताचा वाद कित्येक महिने गाजत राहिला. पाहुणचार स्वीकारणें हासुद्धां येथें अपराध होऊं शकत होता. स्वारगेटाच्या दुसऱ्या अंगास पर्वतीची टेकडी दिसते. १९२९ च्या ऑक्टोबरांत शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज प्रभृति मंडळींनीं अस्पृश्यांच्या प्रवेशासाठीं तेथें सत्याग्रह मांडला, एस. एम. जोशी यांच्यासारखे तरुण त्यांत सामील झाले, दगड पडले, आणि दार तेव्हां उघडलें नाहीं.

याच काळांतलें एक उलट उदाहरण कोल्हापूरचें आहे. शाहू छत्रपतींच्या (१८७४–१९२२) पागेंतील गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्यावरून मार बसला. महाराजांनीं त्यांना स्वतंत्र धंदा करण्यास सांगितलें. कांबळे यांनीं चहाचें दुकान काढलें. अस्पृश्याच्या हातचा चहा घेणार कोण? मग महाराज स्वतः गाडी थांबवून तेथें चहा पिऊं लागले आणि बरोबरच्या मानकऱ्यांसहि पाजूं लागले. धंदा चालण्यास यजमानाची नम्रता पुरत नाहीं, तिला मान देणारा पाहुणाहि लागतो, हें त्या राजानें ओळखलें होतें.

आतां जपानकडे वळूं. तेथील मूळ हिशेबहि आमच्यासारखाच होता. तोकुगावा घराण्याच्या सत्तेंत (१६०३–१८६८) समाजाची उतरंड ठरलेली असे. वर सामुराई, मग शेतकरी, मग कारागीर, शेवटीं व्यापारी. आणि या चौघांच्याहि बाहेर, चामड्याचीं व तत्सम कामें करणारी अस्पृश्यवत् मानलेली प्रजा. १६३५ पासून सरदारांवर ठराविक काळ एदो येथें, म्हणजे आजच्या तोक्योस, येऊन राहण्याची सक्ती झाली. त्यामुळें रस्ते वाहते झाले. एदोहून क्योतोस जाणाऱ्या तोकाइदो मार्गावर ५३ टप्पे होते. टप्प्याच्या गांवीं सरदारांनीं ‘होन्जिन’मध्यें उतरावें, साध्या वाटसरूंनीं ‘हातागो’मध्यें. मोठ्या सरदाराची स्वारी आली कीं रस्त्यावरच्या माणसांनीं गुडघे टेकून डोकें जमिनीस लावावें. तें वांकणें आणि आमचा जोहार यांत मला कांहीं अंतर दिसत नाहीं.

परंतु त्याच समाजांत, त्याच काळाच्या मागें-पुढें, दोन लहान जागा अशा निर्माण झाल्या कीं जेथें निराळें माप चालूं लागलें. पहिली चहाची खोली. सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) या चहाच्या आचार्यानें आपल्या खोलीस जें दार ठेवलें तें दोन फुटांहून किंचितच मोठें होतें. आंत जावयाचें तर सामुराईनें तलवार बाहेरच्या खुंट्यांवर ठेवावी आणि गुडघ्यांवर येऊन, मान लववून सरकत जावें. धनी असो वा व्यापारी असो, दार सर्वांस सारखेंच लहान. आंत गेल्यावर वांकावयाचें तें यजमान व पाहुणा या दोघांनींहि. दुसरी जागा म्हणजे दुकान. १६७३ सालीं मित्सुई ताकातोशी यानें एदोंत एचिगोया नांवाचें कापडाचें दुकान काढलें. तोंवर व्यापारी श्रीमंतांच्या घरीं माल नेत, उधारीवर देत आणि माणूस पाहून किंमत सांगत. मित्सुईनें दाम रोख ठेवला आणि भाव सर्वांस एक ठेवला. दुकानांत आलेला तो गिऱ्हाईक. त्याचें कुळ कोणतें हें विचारण्याचें कारण उरलें नाहीं. एक भाव आला म्हणजे एक स्वागतहि हळूहळू येतें, असें मला वाटतें.

यावरून जपान्यांनीं उंचनीच टाकून दिली असें मात्र कोणीं समजूं नये. बहिष्कृत वर्गांचीं हीन नांवें व बंधनें कायद्यानें १८७१ सालीं रद्द झालीं, तरी समाजाचें मन बदललें नाहीं, आणि त्या लोकांना १९२२ सालीं क्योतो येथें सुइहेइशा नांवाची आपली संघटना उभारून झगडावें लागलें. भाषेंतील पायऱ्याहि तशाच राहिल्या. दुसऱ्या महायुद्धांतील पराभवानंतर मात्र जपानी विचारवंतांना आपल्या बोलण्याकडे नव्यानें पाहावें लागलें. १९५२ सालीं तेथील राष्ट्रीय भाषा परिषदेनें आदरार्थी भाषेविषयीं सरकारास एक निवेदन सादर केलें. त्याचा आशय असा कीं, आजवर ही भाषा वरिष्ठ-कनिष्ठ भावावर वाढली. यापुढें ती प्रत्येकाच्या माणूसपणाविषयींच्या परस्पर आदरावर उभी असावी. व्याकरण तेंच ठेवून त्याचा पाया बदलण्याचा हा प्रयत्न होता. असा ठराव करून भाषा एका दिवसांत बदलत नाहीं. परंतु कोणत्या दिशेनें बदलावयाचें हें एका राष्ट्रानें लिहून ठेवलें, ही गोष्ट लहान नाहीं.

आजच्या जपानी शिष्टाचारांत ही दिशा कोठें दिसते? माझ्या विद्यार्थ्यानें मला एक नियम सांगितला, तो मला फार अर्थपूर्ण वाटला. कचेरींत चाकर आपल्या मालकाशीं बोलतांना त्यास उंच करणारे शब्द वापरतो. परंतु बाहेरचा पाहुणा समोर असतां त्याच मालकाविषयीं बोलावयाचें झालें तर चाकरानें त्याच्या नांवापुढील आदरार्थी प्रत्यय गाळावा आणि खालीं नेणारीं क्रियापदें वापरावीं. जणूं मालक आणि चाकर पाहुण्यापुढें एकाच पायरीवर उभे आहेत. आमच्याकडे शिपाई पाहुण्यास सांगतो, “साहेब कामांत आहेत, बसा.” त्यांत साहेब पाहुण्याहून वर असतो. जपानी नियमांत उंबरठा हाच मापाचा दंड ठरतो. आंतले सगळे खालीं, बाहेरून आलेला वर. आणि तोच चाकर संध्याकाळीं दुसऱ्या दुकानांत शिरला कीं तो बाहेरचा होतो व त्याचें स्वागत त्याच शब्दांनीं होतें.

हें सर्व जुळवून मी पुन्हा त्या वडिलांकडे गेलों. त्यांस म्हटलें, जोहार जन्माचा होता, हें वांकणें कामाचें आहे. जोहार माणूस पाहून घालावा लागे, ‘इराश्शाइमासे’ दारांत येईल त्याला म्हणतात. जोहार उतरवून ठेवतां येत नसे, हें कामाच्या झग्याबरोबर खुंटीला टांगतां येतें. त्यांनीं सगळें शांतपणें ऐकलें आणि मुलाकडे वळून एकच विचारलें, “तूं ‘यावें’ म्हणालास कीं गिऱ्हाईक काय म्हणतें?”

मुलगा क्षणभर थांबला. मग म्हणाला, “बाबा, बहुतेक कांहीं म्हणत नाहींत. तिथें तशी पद्धत नाहीं.”

माझ्या मांडणींतील वर्म त्यांनीं नेमकें शोधलें होतें. चहाच्या खोलींत दोघेहि वांकतात. दुकानांत वांकणें एकाच बाजूचें राहतें. आणि एकतर्फी आदराचा उपयोग कसा होतो हें जपानासहि कळून चुकलें आहे. मिनामी हारुओ (१९२३–२००१) हा तेथील एक लोकप्रिय गायक. श्रोते हे देव आहेत असें मानून मी गातों, अशा अर्थाचें एक वाक्य तो बोलून गेला. त्याचा भाव कलावंताच्या चित्तशुद्धीचा होता. लोकांनीं त्यांतून ‘गिऱ्हाईक म्हणजे देव’ येवढेंच उचललें, आणि मग देवपण अंगीं आलेलीं गिऱ्हाइकें चाकरांवर ओरडूं लागलीं, त्यांस गुडघे टेकून क्षमा मागावयास लावूं लागलीं. अखेर कायद्यास मध्यें पडावें लागलें. निवासगृहांविषयींच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन २०२३ च्या डिसेंबरापासून, पुनःपुन्हा अवाजवी मागण्या करून छळणाऱ्या पाहुण्यास जागा नाकारण्याचा अधिकार मालकांस मिळाला. तोक्योच्या विधिमंडळानें २०२४ च्या ऑक्टोबरांत गिऱ्हाइकांकडून होणाऱ्या छळास बंदी करणारा नियम संमत केला व तो १ एप्रिल २०२५ पासून अमलांत आला. आमच्या तैत्तिरीयांत अतिथीस देव मानण्याची आज्ञा आहे. परंतु तीहि यजमानास केलेली आहे. अतिथीनें स्वतःस देव समजावें असें तेथें कोठेंहि म्हटलेलें नाहीं.

जपान्यांचे दोष दाखवून आपण मोकळे होऊं नये. आमच्या उपाहारगृहांत टेबल पुसणाऱ्या मुलास हांक कशी मारतात तें स्वारगेटच्या कोणत्याहि चहाच्या दुकानांत कान देऊन ऐकावें. ‘अरे’, ‘ए पोऱ्या’, नाहीं तर नुसती चुटकी. त्याच्या बापाच्या वयाचा वाढपी असला तरी त्यास अरेतुरे करण्यांत सुशिक्षित घरांतील माणसांसहि कांहीं वावगें वाटत नाहीं. दुसऱ्या बाजूस पुण्याच्या दुकानदाराच्या तुसडेपणाच्या गोष्टी आपण कौतुकानें सांगतों आणि त्यास स्वाभिमान म्हणतों. मला वाटतें, या दोन्ही गोष्टींचें मूळ एकच आहे. सेवा करणारा तो हलका, हा हिशेब आमच्या मनांतून गेलेला नाहीं. म्हणून ज्यास सेवा मिळते तो चुटकी वाजवितो, आणि ज्यास सेवा द्यावी लागते तो आपण हलके नाहीं हें दाखविण्यासाठीं कपाळास आठ्या घालतो. नम्रपणें बोललों तर कोणी आपणांस चाकर समजेल, ही भीति जेथें असते तेथें गोड शब्द महाग होतात. ज्या समाजानें नमस्कारावर मालकी सांगितली आणि जोहाराची सक्ती केली, त्या समाजांत ही भीति पिकावी यांत आश्चर्य तें काय?

तेव्हां वडिलांच्या प्रश्नास माझें उत्तर असें झालें आहे. वांकण्यांत मान जातो किंवा राहतो हें पाठीच्या कोनावरून ठरत नाहीं, आणि शब्दांवरूनहि ठरत नाहीं. वांकणारास ‘नाहीं’ म्हणतां येतें का, काम सोडतां येतें का, ठरलेल्या वेळीं घरीं जातां येतें का, आणि उद्यां तोच दुसऱ्या दारांत पाहुणा म्हणून उभा राहिला तर त्याचेंहि स्वागत होतें का, यावरून तें ठरतें. या प्रश्नांचें उत्तर होकारार्थी असेल तेथें ‘यावें’ हा शब्द म्हणजे यजमानाचें औदार्य आहे. नकारार्थी असेल तेथें तोच शब्द जोहार आहे, मग तो जपानींत म्हटलेला असो किंवा मराठींत.

मीं हें त्यांस सांगितलें. त्यांनीं मान हलविली, चष्मा लावला आणि मुलास म्हणाले, “तुझा तो करार आण बघूं.” मुलानें कागद आणला. पगार किती, आठवड्याची सुटी किती, जास्त वेळ काम केल्यास त्याचे पैसे वेगळे मिळतात कीं नाहीं, काम सोडावयाचें झालें तर पारपत्र कोणाच्या ताब्यांत असेल, अशीं एकेक कलमें त्यांनीं मुलाकडून वाचून आणि समजून घेतलीं. उभ्या आयुष्यांत त्यांनीं हजारों उतारूंचें बोलणें सोसलें होतें. सेवेचें रक्षण सौजन्यानें होत नाहीं, कागदावरच्या कलमांनीं होतें, हें त्यांना माझ्याहून चांगलें ठाऊक होतें. १९५२ च्या त्या निवेदनावरचें इतकें नेमकें भाष्य मला दुसरीकडे वाचावयास मिळालें नसतें.

मुलगा निघाला त्या रात्रीं मी स्वारगेटावर गेलों होतों. मुंबईची गाडी लागली होती. आईनें डब्याची पिशवी हातीं दिली. मुलानें मला नमस्कार केला, मीं तो परत केला. मग तो वडिलांसमोर उभा राहिला. ते म्हणाले, “जय भीम.” त्यानें उत्तर दिलें, “जय भीम.”

बाप-लेकांनीं एकमेकांस दिलेला शब्द एकच होता. गेला तसाच तो परत आला.